पावती फाडायची तर हिशेबही वाचा

निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि जाता जाता मंडणगड-दापोली झोडपून गेलं. आमची वाडी दापोली तालुक्यातली. नारळी-पोफळी आडव्या, विजेचे खांब आडवे, मोबाइलला रेंज नाही. गावात नक्की काय झालंय हे डोंबिवलीत बसून कळायला चार-पाच दिवस गेले. आठवड्याभराने मुंबई मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला व्यवस्थित, शुद्धलेखन तपासलेला निरोप आला तो असा : ‘वादळात आपल्या क्रीडा मंडळाच्या शेडचे पत्रे उडाले असून कबड्डीची मॅट भिजून निकामी झाली आहे. तरी सर्व चाकरमानी बंधू व क्रीडाप्रेमींनी सढळ हस्ते मदत करावी.’ खाली क्यूआर कोड. त्याच्या खाली जोडलेले हात.

माझं डोकं सटकलं. टाळेबंदीत पगार निम्म्यावर आला होता. गावी चुलत्यांच्या घरावर कौलं नव्हती, ताडपत्री बांधून माणसं पावसाला तोंड द्यायला बसली होती, आणि ह्यांना मॅट हवी! दोन दिवस मी काही पाठवलं नाही. तिसऱ्या दिवशी 500 रुपये पाठवले. मन वगैरे पालटलं नव्हतं. देणाऱ्यांची यादी रकमेसकट रोज रात्री ग्रुपवर पडत होती आणि तिच्यात माझं नाव नव्हतं, एवढंच.

ते 500 रुपये पुढे बरेच दिवस माझ्या डोक्यात राहिले. दिल्याचं वाईट वाटत नव्हतं. ज्या पद्धतीने ते माझ्याकडून निघाले ती पद्धत खुपत होती. अडचणीच्या दिवसांत खेळाच्या मंडळाने आपल्या माणसांपुढे हात पसरावा का, हा प्रश्न तेव्हापासून मला सोडत नाही. माझं उत्तर ‘पसरावा’ असंच आहे. पण आज ज्या रीतीने पसरला जातो तसा नव्हे.

त्याच दिवसांत जगभरच्या क्लबांना हा प्रश्न पडला होता. प्रेक्षक नाहीत म्हणजे गल्ला नाही. लिव्हरपूलसारख्या बड्या फुटबॉल क्लबने 4 एप्रिल 2020 ला जाहीर केलं, की खेळाडू सोडून बाकीच्या काही कर्मचाऱ्यांना सक्तीच्या रजेवर पाठवणार आणि त्यांच्या पगारातला 80 टक्के वाटा सरकारी योजनेतून घेणार. आदल्या हंगामाचा नफा होता 4 कोटी 20 लाख पौंड. ओरड केली ती त्यांच्याच पाठीराख्यांनी. दोन दिवसांत क्लबने माफी मागून निर्णय मागे घेतला. नेमक्या त्याच सुमाराला जर्मनीत, लाइपझिगचा लोकोमोटिव्ह नावाचा चौथ्या श्रेणीतला जुना क्लब एका न होणाऱ्या सामन्याची तिकिटं विकत होता. 8 मे ची तारीख, प्रतिस्पर्धी अदृश्य, मैदान रिकामं, तिकीट 1 युरो. 1987 साली बोर्दोविरुद्धच्या सामन्याला जेवढी गर्दी झाल्याचं तिथले जुने लोक सांगतात तो 1 लाख 20 हजारांचा आकडा त्यांनी डोळ्यांपुढे ठेवला होता. तो ओलांडला गेला.

एकाला शिव्या, दुसऱ्याला पैसे. मोठा क्लब आणि छोटा क्लब एवढाच हा फरक आहे असं मला वाटत नाही. बरे दिवस असताना पैसा कोणाच्या खिशात जात होता, हे लोकांना बरोबर ठाऊक असतं. नफा मालकाचा असेल तर तोटाही मालकानेच सोसायचा. व्यापारात हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. घाऊक वाल्याची गाडी बुडाली म्हणून तो गिऱ्हाईकांकडे पेटी घेऊन फिरत नाही. फक्त खेळात मात्र मालक अडचणीत आला की ‘आपला’ संघ होतो.

आमच्या घरी प्रो कबड्डी चालू झाली की टीव्हीपुढून कोणी हलत नाही. यू मुंबासाठी मी घसा फोडतो. पण उद्या लीगमधल्या एखाद्या संघाने ‘चाहत्यांनो, साथ द्या’ म्हणून पावती पुढे केली, तर मी एक रुपया देणार नाही. 2014 च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली लागली ती राकेश कुमारवर, 12 लाख 80 हजारांची. 2023 मध्ये पवन सेहरावतवर 2 कोटी 60 लाखांच्या वर लागली. खेळाडूला पैसे मिळाले ह्याचा आनंदच आहे, इतकी वर्षं तो चटईवर झोपून स्पर्धा खेळत होता. पण ह्या वाढलेल्या पैशातला थेंब खाली, ज्या वाडीत पोर पहिल्यांदा लाल मातीत गुडघे फोडून घेतं तिथे, झिरपल्याचं मी पाहिलं नाही. वर जातो तो खेळाडू आणि खाली येते ती टीव्हीवरची जाहिरात. मग तोटा तेवढा खाली का यावा?

वाडीच्या मंडळाची गोष्ट वेगळी. त्याला मालक नाही. निदान कागदावर तरी नाही.

माझे वडील परळच्या एका गिरणीत होते. लालबागला गावाची एक खोली होती, दहा बाय बारा, त्यात पंचवीस-तीस माणसं पाळीप्रमाणे झोपायची. पगारानंतरच्या रविवारी तिथे गावकीची बैठक व्हायची आणि माणशी 2 रुपये वर्गणी जमायची. देवळाचं, शाळेच्या कौलांचं, शिमग्याच्या पालखीचं आणि हुतूतूच्या संघाचं, सगळं त्यातून. त्या बैठकीची वही वडिलांकडून माझ्याकडे आली. लांबट, लाल कापडी पाठीची, कडा उंदराने कुरतडलेल्या. डावीकडे नावं, पुढे महिन्यांचे रकाने. जानेवारी 1982 पर्यंत बहुतेक रकान्यांत ‘2’ दिसतो. मग 18 जानेवारीला संप झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, त्यात आमच्या वाडीचे जवळपास सगळे. फेब्रुवारीपासून त्या वहीत एकच शब्द पानंच्या पानं दिसतो : ‘बाकी’. बाकी, बाकी, बाकी. कोणी गावी जाऊन भात लावत होतं, कोणी फोरास रोडला भाजी विकत होतं. मनीऑर्डर बंद झालेल्या त्या वर्षांत वर्गणी कोण देणार?

पण वहीत एकही नाव खोडलेलं नाही. हे मी किती वेळा तपासलं असेल. ज्याच्यापुढे तीन-तीन वर्षं ‘बाकी’ आहे त्याचंही नाव दर नव्या पानावर पुन्हा लिहिलेलं आहे, त्याच क्रमाने. संघ मुंबईला खेळायला आला की हेच बाकीवाले पोरांना स्टेशनावरून आणायला जात. आणि 1991 च्या एका पानावर एका नावापुढे वेगळ्या शाईत नोंद आहे : ‘मागील बाकी 27 महिने, रु. 54, रोख मिळाले.’

वर्गणी ह्या शब्दाचा माझ्यापुरता अर्थ त्या पानावर आहे. देणगी दिली की माणूस दाता होतो, तिकीट काढलं की गिऱ्हाईक. वर्गणीत माणूस सभासद असतो आणि पैसे नसले तरी सभासदच राहतो, फक्त त्याच्यापुढे ‘बाकी’ लिहिलेलं असतं. 2020 च्या त्या ग्रुपवरच्या यादीत बाकीचा रकाना नव्हता. ज्याने दिले तो होता, ज्याने दिले नाहीत तो नव्हताच. आमच्या वाडीचे टॅक्सी चालवणारे, हॉटेलात कामाला असलेले, घरी बसलेले किमान चाळीस जण त्या यादीतून गायब होते, आणि त्यातल्या काहींनी नंतर ग्रुपच सोडला. मॅटचे पैसे जमले. माणसं गेली.

हे असं का झालं ह्याचं मूळ वादळात नाही, त्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीचं आहे. गावोगाव चषक आले. रात्री लाइट लावून टेनिस बॉलचे क्रिकेट सामने, कबड्डीच्या ‘भव्य दिव्य’ स्पर्धा, फ्लेक्सवर खेळाडूंपेक्षा मोठे चेहरे, पहिलं बक्षीस लाखाचं. पैसा नेत्याच्या एका सहीने येऊ लागल्यावर दोन-दोन रुपये गोळा करत फिरायला कोण रिकामं आहे? मुंबईतली रविवारची बैठक आधी महिन्याऐवजी तिमाही झाली, मग वार्षिक, मग गणपतीत भेटल्यावर ‘काय रे, बरं ना?’ एवढ्यावर आली. आणि वर्गणी गेली तशी तिच्याबरोबरची दुसरी सवयही गेली, जमाखर्च वाचून दाखवायची. पूर्वी सुताराच्या खिळ्यांपासून सगळं मोठ्याने वाचलं जायचं. चषकाचा हिशेब कोणाला द्यायचा? ज्याचे पैसे त्याला. त्याला तो मतपेटीत हवा असतो.

आणि हा पैसा भरवशाचाही नाही. आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, निवडणूक वर्षानुवर्षं रखडली, आणि आमच्या भागातले चषक बघता बघता रोडावले. उमेदवारीच नाही तर चषक कशाला? ज्या मंडळांनी वर्गणीची वही कधीच माळ्यावर टाकली होती त्यांची तेव्हा खरी पंचाईत झाली. आर्थिक संकट म्हणजे दर वेळी महामारी किंवा मंदीच असते असं नाही. आमच्याकडे निवडणूक लांबणं हेही संकटच ठरतं. हसू येतं, पण आहे हे असं आहे.

वादळानंतरच्या त्या आवाहनाला सगळ्यात आधी प्रतिसाद देणाऱ्यांत एक तात्या होते. वय ऐंशीच्या पुढे, संपातले गिरणी कामगार. 1991 ची ती 54 रुपयांची नोंद त्यांचीच. नातवाकरवी 200 रुपये टाकले आणि लगेच खजिनदाराला फोन लावला. पुढचं मला खजिनदारानेच सांगितलं. तात्या म्हणाले, ‘‘दोनशे टाकल्यान नातवानं. आता सांग, मागल्या चषकाचं काय झालं?’’

खजिनदार बोलायचा थांबला. तात्यांना उलटून बोलायची सोय नाही, नात्याने ते त्याचे आजोबा.

‘‘तात्या, ते सगळे पैसे खर्च झाले.’’

‘‘खर्च झाले ता मलाही कळतंय. कशावर?’’

पुढे दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा खजिनदाराने पडवीत बसून बिस्किटाचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे उपडा केला. जनरेटरचं डिझेल, मांडव, लाइट, पंचांचं जेवण, ढाली, बॅनर. पोरगा प्रामाणिक आहे, एक पैसा त्याने खाल्लेला नाही हे मी शपथेवर सांगेन. पण त्या डब्यातली निम्मी बिलं कोरी होती. मशिनमधून निघणारं ते गुळगुळीत कागदाचं बिल कोकणातल्या दमट हवेत वर्षभरात पांढरं पडतं. तो एकेक कागद उजेडाकडे धरून बघत होता, ‘हे बहुतेक डिझेलचं’ म्हणत होता. प्रामाणिक माणसाला अशा जागी आणून बसवायचं पाप कोणाचं? त्याचं एकट्याचं नाही. आम्ही कोणीच दहा वर्षं विचारलं नव्हतं. तात्यांनी विचारलं तेव्हा ग्रुपवर दोघातिघांनी ‘दोनशे रुपये देऊन हिशेब मागतात’ अशी कुजबुजही केली. माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणात बरोबर वागलेला माणूस एकच होता, आणि तो हा दोनशेवाला.

आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. तो क्यूआर कोड मंडळाचा नव्हताच, खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा होता. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं आहे, संस्था नोंदणीचा 1860 चा कायदा, सार्वजनिक न्यासांचा 1950 चा कायदा, दोन्ही क्रमांक लेटरहेडवर झोकात छापलेले आहेत. पण विश्वस्त बदलल्याचा फेरफार अर्ज कित्येक वर्षांत केलेला नाही, सह्यांचे अधिकार असलेल्या दोघांपैकी एक वारले, आणि बँकेतलं खातं निपचित पडलेलं. कोकणातल्या किती मंडळांची ही कथा असेल! कंपन्यांच्या सामाजिक निधीतून ग्रामीण खेळांना पैसे देता येतात, कायद्यात तशी तरतूद आहे. पण त्या दारात जायला आधी आपली कागदपत्रं जिवंत लागतात.

‘पण खेळ ही चैन आहे, संकटात तिच्यासाठी मागूच नये’, असं म्हणणारे भेटतात. वादळानंतरचे दोन दिवस मीही त्यातलाच होतो. आता मला ते पटत नाही. आमच्याकडच्या पोराला बारावीनंतर दिसणाऱ्या वाटा मोजून तीन-चार : बोट, आंबा, मुंबई, भरती. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पोलीस, रेल्वे, बँका ह्यांचे संघ आहेत. त्यासाठी जिल्ह्याच्या, राज्याच्या निवडीतून जावं लागतं आणि त्या निवडी आता मॅटवर होतात. मातीवर तयार झालेल्या चढाईपटूचा पाय मॅटवर वेगळा पडतो, बूट घालून वळताना गुडघा दगा देतो, हे खेळलेल्याला विचारा. तेव्हा मॅट ही त्या पोरांची नांगर-बैलं आहेत. वादळात कोणाची बोट फुटली तर आपण तिला चैन म्हणत नाही.

आणि ह्याहून मोठी गोष्ट त्या निरोपात लिहायचीच राहिली होती. वादळाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मंडळाची सतरा-अठरा पोरं कोयते आणि एक लाकूडतोडीचं मशिन घेऊन निघाली आणि वाडीपासून मुख्य रस्त्यापर्यंत पडलेली झाडं त्यांनी दोन दिवसांत बाजूला केली. चुलत्यांच्या घरावरची ती ताडपत्री, जिच्यामुळे माझं डोकं सटकलं होतं, ती ह्याच पोरांनी बांधली होती. हे मला दिवाळीत चुलतीकडून समजलं. शुद्धलेखन तपासून आवाहन लिहिणाऱ्याला हे लिहावंसं वाटलं नाही, कारण त्याच्या डोक्यात आवाहन म्हणजे चषकाचं पत्र होतं : आदरणीय, सढळ हस्ते, कृपाभिलाषी.

पूर्व बर्लिनमध्ये युनियन नावाचा फुटबॉल क्लब आहे. 2004 मध्ये तो बुडायला आला तेव्हा त्याच्या पाठीराख्यांनी रक्त दिलं. तिकडे रक्तदात्याला थोडा मोबदला मिळतो, तो त्यांनी क्लबला दिला. आपल्याकडच्या रक्तदान शिबिरांत बिस्किटाचा पुडा आणि प्रमाणपत्र मिळतं, तेव्हा ही युक्ती आपल्याला चालायची नाही. पण त्यांची पुढची गोष्ट चालण्यासारखी आहे. 2008-09 मध्ये त्यांचं मैदान मोडकळीला आलं, पैसे नव्हते, तर दोन हजारांवर पाठीराख्यांनी स्वतः राबून ते नव्याने उभारलं. सुमारे 1 लाख 40 हजार तासांचं श्रमदान. वाचून नवल वाटायचं कारण नाही. आमचं कबड्डीचं पहिलं मैदान असंच झालं होतं. बायकांनी टोपल्यांनी माती टाकली, पुरुषांनी चोपण्याने खळं चोपावं तसं ते चोपलं. तिथेही पैसे नसलेल्याला जागा होती.

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथची कथा जास्त अडचणीची आहे, म्हणून मला जास्त आवडते. 2008 मध्ये तिथला मानाचा एफए चषक जिंकणारा फुटबॉल क्लब, उधारीवर तारे आणून खेळवले, आणि 2010 व 2012 अशा दोन वेळा दिवाळखोरीच्या दाराशी. 2013 मध्ये पाठीराख्यांनी हजार-हजार पौंडांचे भाग घेऊन तो सोडवला. कर्ज फेडलं. चार वर्षांनी, 2017 मध्ये, ह्याच पाठीराख्यांनी मतदान करून तो एका अमेरिकी धनिकाला विकला. लोकांची मालकी हरली म्हणून काही जण ही गोष्ट सांगतात. मला ती तशी दिसत नाही. विकायचा की नाही हे ज्यांनी पैसे घातले त्यांना विचारलं गेलं, त्यांनी वाद घातला, मोजणी झाली.

ह्याच्या अगदी उलट घडलेलं आपल्या शेजारी पाहा. गोव्यातले साळगावकर, डेम्पो आणि स्पोर्टिंग हे तीन फुटबॉल क्लब 2016 मध्ये आय-लीग ह्या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. डेम्पोने तर देशाचं विजेतेपद पाच वेळा जिंकलं होतं. सावंतवाडी, बांद्याकडची माणसं गाड्या करून मडगावच्या फातोर्ड्याला सामने बघायला जायची. भांडण भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्याशी होतं आणि क्लबांची बाजू मला तेव्हाही पटत होती. पण तो निर्णय मालकांचा होता. फातोर्ड्याच्या पायऱ्यांवर बसणाऱ्याला कोणी विचारलं नाही, कारण विचारायची रीतच नव्हती. उद्योगपतीने जिव्हाळ्याने चालवलेला क्लब चांगला असतो, फार चांगला असतो. त्याचा जिव्हाळा किंवा धीर संपेपर्यंत.

तेव्हा मागा, जरूर मागा. मात्र मागताना वरची मर्यादाही सांगा. ‘यथाशक्ती’ हा शब्द दिसायला उदार आहे, प्रत्यक्षात तो गरिबाला लाजवतो आणि श्रीमंताला खुर्ची देतो. संगमरवराच्या पाटीवर 5001 वाला वर आणि 51 वाला पार खाली, अगदी दिवाबत्तीच्या उंचीला. त्यापेक्षा सर्वांना एकच रक्कम ठरवावी, वाडीतल्या रोजंदारीवरच्या माणसालाही झेपेल अशी, आणि त्याहून जास्त कोणाकडूनच घेऊ नये. नेत्याकडूनही नाही, दुबईवाल्याकडूनही नाही. माझ्या ह्या म्हणण्यावर मंडळातले लोक हसतात. एवढ्याने मॅट येत नाही, म्हणतात. खरं आहे, एका वर्षात येत नाही. दोन वर्षांत येते. जास्तीचे पैसे देण्याची ज्याला हौसच आहे त्याने पोरांना बूट घ्यावेत, त्यासाठी पाटी लागत नाही.

यादी टाकायची तर सगळ्यांची टाका, बाकीवाल्यांसकट. आणि हिशेब गणपतीत वाचा, सगळी वाडी घरी असते तेव्हा. खजिना बायकांकडे द्या, हे माझं आणखी एक म्हणणं. आमच्या वाडीत बचत गट वर्षानुवर्षं चाललाय, दर महिन्याची नोंद आहे, दंडाचे पाच रुपयेसुद्धा लिहिलेले आहेत. त्याच घरातले पुरुष चषकाचा हिशेब बिस्किटाच्या डब्यात ठेवतात. पोरींचा संघ उभा राहिला तेव्हा त्यांना जुने, पुरुषांच्या मापाचे गंजी मिळाले होते. कारण खरेदीच्या बैठकीला एकही बाई नव्हती.

हे सगळं म्हणजे लोकांच्या भावनेचा बाजार मांडणं नव्हे का, असा एक आक्षेप राहतो, आणि तो मला टाळता येत नाही. गावाचं नाव काढलं की मुंबईतला माणूस विरघळतो, हे मागणाऱ्याला माहीत असतं. घरात पोराची फी थकलेली असताना त्याने गावच्या पालखीला पाचशे दिलेले मी पाहिले आहेत. ह्याला माझ्याकडे पक्का उपाय नाही. ‘बाकी’चा रकाना हा त्यातल्या त्यात. तो रकाना छापलेला असला की नाही म्हणायला जागा होते. निदान तोंड लपवून ग्रुप सोडावा लागत नाही.

2022 च्या गणपतीत आमच्याकडे हे थोडंबहुत मार्गी लागलं. फेरफार अर्ज गेला, खातं पुन्हा सुरू झालं, वर्गणी माणशी वर्षाला 500 ठरली आणि बरीच हुज्जत होऊन वही बचत गटातल्या एका वहिनींकडे आली. पहिल्याच वर्षी त्यांनी ‘चहा-वडापाव 340, कोणी सांगितले?’ अशी नोंद मोठ्याने वाचली आणि अध्यक्ष खाली बघत बसले. तात्या तेव्हा होते. नंतरच्या पावसाळ्यात गेले.

2024 मध्ये कंपनीने माणसं कमी केली, त्यात मी होतो. गणपतीला गावी गेलो, पण त्या वर्षीची वर्गणी भरायची राहिली. राहिली म्हणजे भरली नाही. दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर खळ्यात मॅटच पसरली, त्यावर सगळे बसले आणि वहिनींनी वही उघडली. नावं जुन्याच क्रमाने होती, लाल पाठीच्या वहीतली घरं जशी होती तशी. माझ्या आधीचा चुलतभाऊ : पाचशे, मिळाले. मग माझं नाव आलं. ‘बाकी,’ वहिनी म्हणाल्या, आणि बोट खाली सरकवून त्यांनी पुढचं नाव घेतलं.